चार टक्क्यांची बाजू

शिरूरच्या कुठल्याही बिअर शॉपीत जा आणि माइल्ड मागा. दुकानदार फ्रीजच्या तळाशी हात घालून एखादी बाटली शोधेल, नाहीतर सरळ सांगेल, "काका, माइल्ड आता कोण नेतं? स्ट्राँग घ्या, थोडेच पैसे जास्त." दौंडला स्टेशनसमोरही हेच ऐकायला मिळतं. गिऱ्हाइकाचा हिशेब ठरलेला असतो, रुपयामागे नशा किती. दुकानदाराचा हिशेब गिऱ्हाइकावरून ठरतो आणि कंपनीचा दुकानदारावरून. या सगळ्या साखळीविरुद्ध मला लिहायचं आहे, आणि त्यासाठी मी इंग्लंडमधल्या एका साध्या, कमी नशेच्या बिअरची बाजू घेणार आहे. तिला बिटर म्हणतात.

मी साखर कारखान्यातला केमिस्ट. घर शिरूरला, नोकरी सगळी दौंड तालुक्यात. रसाचा ब्रिक्स (म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण), पोल, प्युरिटी, मळीतली उरलेली साखर यांत आयुष्य गेलं. कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली होती. मळी पातळ करायची, यीस्ट सोडायचं, वॉश तयार झाला की कॉलमला चढवायचा आणि स्पिरिट काढायचं. आंबवण्याचं शास्त्र मला त्यामुळे जवळचं. पण तिथे चव हा विषयच नव्हता. वॉशमध्ये अल्कोहोल किती टक्के उतरलं आणि टनामागे स्पिरिट किती लिटर निघालं, एवढंच आम्ही मोजायचो. यीस्ट आमच्यासाठी एक कामगार होता, वेळेत काम संपवणारा.

मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये डर्बीला राहतात. जावई विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. डर्बी हे दौंडच्या माणसाला लगेच कळणारं गाव आहे, कारण दौंडसारखंच ते रेल्वेचं गाव आहे. मिडलँड रेल्वेचं मुख्य ठाणं इथेच होतं. स्टेशनपासून दोन-तीन मिनिटांवर ब्रन्सविक इन नावाचा पब आहे, १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेने स्वतःच्या कामगारांच्या घरांसोबत बांधलेला. ती सगळी वस्ती एकदा पाडायला निघाले होते. इतिहासप्रेमी लोकांनी ती वाचवली, आणि १९९१मध्ये पबच्या मागच्या बाजूला छोटीशी ब्रुअरी सुरू झाली. जावयांनी मला तिथे नेलं ते "पप्पा, हे तुमच्या कामाचं आहे" असं म्हणून. माझी पत्नीही बरोबर होती. ती दारूला शिवत नाही.

बिटरचा रंग तांब्याचा. वर साय धरावी तसा फेस, पण आत बुडबुडे फारसे नाहीत. बर्फासारखी गार नाही, तळघरात असते तेवढी, म्हणजे बारा अंशांच्या आसपास. पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याचा गोडवा लागतो, पावाच्या कडेचा, थोडा टॉफीचा. मग हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास येतो. केंट परगण्यातलं गोल्डिंग्ज आणि फगल ही तिथली जुनी वाणं. त्यांना ओल्या मातीचा, वाळत घातलेल्या गवताचा, किंचित संत्र्याच्या सालीचा गंध असतो. घोट गिळल्यावर कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला येऊन थांबतो आणि तोंड कोरडं, स्वच्छ करून जातो. कारल्याच्या भाजीत आपण गूळ घालतो तो कारल्याचा कडूपणा मारायला नव्हे, त्याला उठाव द्यायला. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, आणि हॉप्स यांचं नातं तसंच आहे. दुसरा घोट घ्यावासा वाटतो तो नशेसाठी वाटत नाही. तोंड पुन्हा ती चव मागतं.

आणि हे सगळं चार टक्के अल्कोहोलमध्ये. साधं बिटर साडेतीनच्या आसपास असतं, त्याच्या वरचं बेस्ट बिटर चार-साडेचारपर्यंत. माझ्या भाषेत सांगायचं तर माल्टच्या उकळलेल्या रसाचा ब्रिक्स नऊ-दहा. आमच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाचा रस अठरा-वीस ब्रिक्सचा असतो. म्हणजे उसाच्या रसाच्या निम्म्या घट्टपणाच्या द्रावणातून इतकी भरलेली चव काढायची आहे. रसायनाच्या दृष्टीने हे अवघड काम आहे. अल्कोहोल वाढवलं की तोंडात जडपणा, गोडसरपणा, ऊब आपोआप येते आणि बाकीचे दोष त्याखाली झाकले जातात. साखर ओतून आठ टक्के गाठणं मला डिस्टिलरीतला कुठलाही ऑपरेटर शिकवेल. चार टक्क्यांत लपायला जागा नाही. धान्य शिळं असेल, पाणी चुकलं असेल, यीस्ट थकलेलं असेल, तर ते पहिल्या घोटात कळतं.

पाण्याचं तर मला नवलच वाटलं. डर्बीपासून जवळच बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात जगातली फिकट बिअर म्हणजे बर्टनची असं समीकरण होतं. कारण तिथल्या विहिरींचं पाणी. जिप्समच्या थरांमधून येणारं, कॅल्शियम सल्फेटने जड झालेलं. आयुष्यभर मी बॉयलरच्या पाण्यातला हाच कॅल्शियम सल्फेट शत्रू म्हणून काढत आलो. त्याचा नळ्यांवर पापुद्रा धरतो, पाणी तापवूनही तो जात नाही. आमच्याकडच्या बोअरचं जड पाणी सॉफ्टनरमधून गेल्याशिवाय आम्ही बॉयलरला लावत नसू. बर्टनमध्ये तोच सल्फेट हॉप्सचा कडवटपणा धारदार आणि स्वच्छ करतो. इतर गावांचे ब्रुअर पुढे आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम घालू लागले.

त्याच गावात माझ्या व्यवसायाचे पूर्वज भेटले. बास या बिअर कंपनीचा रसायनतज्ज्ञ कॉर्नेलियस ओ'सुलिव्हन याने १८७२मध्ये माल्टोज ही वेगळी साखर असल्याचं पक्कं केलं, आणि १८९०मध्ये टॉम्पसन नावाच्या सहलेखकाबरोबर उसाच्या साखरेच्या इन्व्हर्जनवर, म्हणजे ती फुटण्यावर, आणि ती फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर मोठा निबंध लिहिला. ऊस तोडून दोन दिवस गव्हाणीबाहेर पडून राहिला की साखर का घटते, हे प्रत्येक शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असतं. त्यामागचं इन्व्हर्जनचं गणित बिअरच्या कारखान्यातल्या माणसाने मांडलेलं आहे. पाण्यातला नायट्राइट तपासायची ग्रीसची चाचणी आमच्या प्रयोगशाळेतही होती. तो पीटर ग्रीस बर्टनच्या ऑलसॉप ब्रुअरीत नोकरीला होता. जुन्या धाटणीच्या बऱ्याच बिटरमध्ये आजही थोडी इन्व्हर्ट साखर घालतात. अशा शास्त्रज्ञांनी आपली बुद्धी नशा वाढवण्यात नाही, चव समजून घेण्यात खर्च केली, याचा मला आदर वाटतो.

रेल्वेवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन १८६८मध्ये उघडलं ते याच मिडलँड रेल्वेचं. फलाटांच्या खालचं तळघर बर्टनहून येणारी बिअरची पिंपं साठवायला होतं, आणि विल्यम बार्लो या अभियंत्याने तिथल्या लोखंडी खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापावरून ठरवलं होतं. आज त्याच तळघरातून पॅरिसच्या गाडीचे प्रवासी ये-जा करतात.

ही बिअर हिंदुस्थानातही आली होती. लंडनच्या बो ब्रुअरीचा हॉजसन आणि मग बर्टनचे ऑलसॉप, बास यांनी फिकट, कडवट बिअर जहाजांनी मुंबई-कलकत्त्याला पाठवली; बिटर ही तिच्याच घराण्यातली. पुढे बर्टनच्याच ब्रुअर कुटुंबातल्या मीकिनने इथे ब्रुअऱ्या चालवल्या, त्यांतली एक खडकीला होती. शिरूर ही तर ब्रिटिशांची जुनी छावणी. १८०९मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या कबरीला इथले लोक सत्पुरुषाचं स्थान म्हणून मानत आले, सुगीचं पहिलं धान्य तिथे ठेवत आले. साहेबांची बिअर मात्र छावणीतच राहिली. आपल्या वाट्याला १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला. घरगुती, कमी नशेच्या पेयांवर निर्बंध, ताडीच्या झाडावर कर, आणि मक्त्याची, मोजायला आणि महसूल घ्यायला सोपी अशी ऊर्ध्वपातित दारू. सरकारला स्पिरिटची सवय तेव्हा लागली. स्वातंत्र्यानंतर मळी होती, डिस्टिलऱ्या होत्या, मग देशीची दुकानं गावोगाव झाली. त्या साखळीतल्या एका कड्यावर मीही काम केलं आहे, म्हणून हे लिहिणं मला माझं कर्तव्य वाटतं.

कारण त्या दारूने काय केलं ते मी कामगार वसाहतीत पगाराच्या दिवशी पाहिलं आहे. क्वार्टर घशात ओतायची, चव लागू नये म्हणून नाक दाबायचं, वर चखण्याचं मीठ. पिणाऱ्याला ती चव नकोच असते. पत्नीच्या माहेरच्या गावात बायकांनी सह्या गोळा करून बाटली आडवी करायला, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतदान मागितलं तेव्हा ती तिथे जाऊन घरोघर फिरली. मी त्या बायकांच्या बाजूचा होतो, आजही आहे. २०२२च्या जानेवारीत राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, आणि शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातून, राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. तेव्हा आमच्या आळीत बहुतेक लोक अण्णांच्या बाजूने बोलत होते. त्यांची भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलची कुठलीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही. जो पीत नाही त्याने कशासाठीही सुरू करू नये, बिटरसाठीही नाही.

पण जे पितात त्यांचं काय? आमच्या दोन्ही तालुक्यांत ते हजारोंनी आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतून सुटणारी पोरं शिफ्टनंतर नगर रोडच्या किंवा सोलापूर रोडच्या ढाब्यावर बसतात आणि मग दुचाकीवर निघतात. त्यांच्या हातात काय आहे ते मोजून पाहा. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचे साठचे दोन पेग घेतले तर ५१. "मी फक्त बिअर घेतो" असं घरी सांगणाऱ्या मुलाने दोन बाटल्यांत चार मोठे पेग घेतलेले असतात. चार टक्क्यांच्या बिटरचा अख्खा पाइंट, ५६८ मिलिलिटरचा, म्हणजे जेमतेम २३ मिलिलिटर. आणि तिथे अर्धा पाइंट मागितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. गाडी चालवायची असेल तर तेही नको, हे वेगळं सांगायला नको.

ब्रन्सविकमध्ये माझ्या पत्नीने जे पाहिलं ते मी पाहिलं नव्हतं. मी फेस बघत होतो, ती माणसं बघत होती. परत येताना म्हणाली, "अहो, तिथे कोणी घाईत पीत नव्हतं. आणि बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं." आपल्याकडच्या परमिट रूममध्ये पडदे, अंधार, काळ्या काचा. तिथे खिडकीतून रस्ता दिसत होता. इंग्लंडमध्ये दारूने घरं मोडत नाहीत असं मी म्हणत नाही, शनिवारी रात्री डर्बीच्या मुख्य रस्त्यावर मी उलट्या करणारी पोरंही पाहिली. पण चार टक्क्यांचा ग्लास घेऊन तासभर बसता येतं अशी एक जागा त्या समाजाने जपली आहे, आणि ती आपोआप जपली गेलेली नाही.

ती लोकांनी भांडून जपली. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, यीस्ट मारलेली, गॅस भरलेली बिअर सगळीकडे लादायला सुरुवात केली. १९७१मध्ये चार तरुणांनी त्याविरुद्ध संघटना काढली, तीच आज कॅमरा म्हणून ओळखली जाते. त्यांचा आग्रह एका साध्या गोष्टीचा होता, बिअर पिंपात जिवंत असली पाहिजे. ब्रुअरीतून निघालेल्या पिंपात यीस्ट असतं आणि थोडी साखर शिल्लक असते. पबच्या तळघरात ती पुन्हा हळू आंबते. तळघर सांभाळणारा माणूस पिंप आडवं ठेवतो, वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतो, मग घट्ट लाकडाची खुंटी लावून उरलेला वायू आत राखतो, गाळ खाली बसू देतो. मग हाताच्या पंपाने ग्लासात ओढतो. गॅसचं नळकांडं नाही. पिंप उघडलं की तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवेने ते आंबट होतं. म्हणजे ही बिअर उघडल्यावर साठवून ठेवता येत नाही, आणि ज्याच्या हाताखाली ती असते त्याला काम यावं लागतं. तिच्यामुळे गावात एक कुशल माणूस नोकरीला राहतो.

सरकारनेही साथ दिली. २००२मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी छोट्या ब्रुअऱ्यांना, वर्षाला पाच हजार हेक्टोलिटरपर्यंत काढणाऱ्यांना, निम्मं शुल्क लावलं. त्यानंतर छोट्या ब्रुअऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. डर्बीशायरमधल्या बेकवेलची थॉर्नब्रिज २००५मध्ये एका जुन्या हवेलीच्या आवारात सुरू झाली. तिचं लॉर्ड मार्पल्स हे चार टक्क्यांचं बिटर मला सगळ्यांत आवडलं. माल्टचा गोडवा पुढे, शेवट कोरडा, कुठेही दिखावा नाही. त्याच थॉर्नब्रिजने २०२४मध्ये, मोठ्या कंपनीने बंद केलेल्या बर्टन युनियन या आंबवण्याच्या जुन्या पद्धतीच्या ओक पिंपांचा एक संच आपल्याकडे आणून पुन्हा चालू केला. वाचून मला खूप बरं वाटलं. ऑगस्ट २०२३पासून तर ब्रिटनने सगळ्या दारूवरचं शुल्क अल्कोहोलच्या टक्केवारीला बांधलं आहे. साडेतीन टक्क्यांच्या आत असाल तर दर बराच कमी, आणि पबमध्ये पिंपातून विकलेल्या बिअरला वेगळी सवलत.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. पुण्यात २००९मध्ये डूलालीने देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू केली, त्यानंतर कोरेगाव पार्क, मुंढव्यात कितीतरी झाल्या. पण त्या महागड्या रेस्टॉरंटच्या पोटात आहेत, शिरूरच्या फिटरने तिथे जावं अशी त्यांची रचना नाही. वाइनसाठी राज्याने २००१मध्ये धोरण आणलं, महाराष्ट्राच्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी शुल्कातून सूट दिली, आणि दौंड तालुक्यात रोटी गावच्या माळावर वायनरी उभी राहिली. द्राक्षाला जे मिळालं ते ज्वारीला का नाही? आमची रब्बीची मालदांडी ज्वारी भाकरीसाठी आहे आणि भाकरीसाठीच राहावी, पण पावसात काळी पडलेली, बाजारात भाव न मिळणारी ज्वारी दरवर्षी असते. नायजेरियाने १९८८मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या ब्रुअऱ्या ज्वारीवर चालल्या. सगळ्याच काळ्या ज्वारीचं माल्ट होणार नाही, तिची उगवण आणि बुरशी दोन्ही तपासावी लागतील, आणि ज्वारीचा स्टार्च शिजायला तापमान जास्त लागतं. या अडचणी मला माहीत आहेत. पण बार्लीच्या माल्टला त्यातून तपासून निवडलेल्या ज्वारीची जोड देता येईल, इतपत हे शास्त्र जुनं आहे.

मला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तीन गोष्टी हव्या आहेत. आज पाच टक्क्यांच्या आतली सगळी बिअर एका गटात आहे. त्यात चार टक्क्यांच्या आतलीसाठी वेगळा, खूप कमी दराचा कप्पा करावा, आणि स्ट्राँगवरचं शुल्क तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणात चढत न्यावं, म्हणजे महसुलाचं नुकसान होणार नाही आणि "थोडेच पैसे जास्त" हे वाक्य दुकानदाराला म्हणता येणार नाही. नगरपालिकेच्या गावांसाठी, वर्षाला ठरावीक लिटरपर्यंतच बनवणारा आणि तिथेच विकणारा लहान परवाना असावा, त्याची फी शहरातल्या मायक्रोब्रुअरीच्या फीइतकी नको. आणि ज्या वॉर्डातल्या बायका मतदानाने नको म्हणतील तिथे तो परवाना मिळू नये, त्यांचा निर्णय शेवटचा.

हे काम करायला माणसं इथेच आहेत. शिरूर आणि दौंडच्या कॉलेजांतून बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी करून बाहेर पडणारी मुलंमुली कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत कंत्राटावर सॅम्पल भरतात. त्यांना यीस्टच्या पेशी मोजता येतात, हायड्रोमीटर वाचता येतो, पाण्याची कठीणता काढता येते. त्यांतल्या दोघातिघांना मी माझ्या घरी इन्व्हर्जन शिकवलं आहे, आणि परवाना निघाला तर बाकीचंही शिकवायला मी तयार आहे, फी न घेता.